उडतं घुबड आणि निघून जाणारा माणूस

बसलेल्या घुबडाचा फोटो काढण्यात काडीचं कौतुक नाही, हे पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या जगात एव्हाना ठरून गेलेलं आहे. घुबड दिवसा बसतं आणि एकदा बसलं की बसतं. तुम्ही फोकस करा, चहा पिऊन या, फोन आला तर बोलून घ्या. ते तिथेच असतं, एक डोळा अर्धवट उघडून तुमच्या धडपडीकडे बघत. सोसायटीतल्या जुन्या झाडाच्या ढोलीत बसलेल्या पिंगळ्याचा फोटो आज ज्याच्याकडे नाही, त्याच्याकडे बहुधा फोनच नाही. अशा फोटोला जाणकार ‘रेकॉर्ड शॉट’ म्हणतात. पक्षी होता, मी होतो, कॅमेरा चालू होता. पंचनाम्यापुरतं ठीक.

उडत्या घुबडाचा फोटो ही मात्र कला. ती कशी, हे आमच्या मेव्हण्यांनी मला वेळोवेळी समजावून दिलेलं आहे. मेव्हणे वयानं माझ्याहून बरेच लहान. पूर्वी मी त्यांना अरे-तुरे करायचो आणि तोंडावर अजूनही करतो, पण त्यांनी ती लेन्स घेतल्यापासून पाठीमागे मी त्यांचा उल्लेख आदरार्थीच करतो. लेन्स सहाशे मिलिमीटरची, वजन तीन किलोंच्या वर, किंमत दहा लाखांच्या वर. पैकी वजन घरात सगळ्यांना ठाऊक आहे. किमतीचा जो आकडा त्यांच्या सौभाग्यवतींना सांगितला गेला त्यात एक शून्य कमी होतं, आणि तेवढं ऐकूनही त्या आठवडाभर बोलत नव्हत्या.

तर अडचण अशी की घुबड उडताना आवाज करत नाही. कबुतर उडालं की सगळ्या गॅलरीला कळतं. तित्तिर पायाखालून उठला तर छातीत धस्स होतं. घुबडाचं तसं नाही. त्याच्या पंखाच्या पुढच्या कडेवरच्या पिसाला बारीक दात्यांची फणी असते, मागच्या कडेला झालर असते आणि पिसांवर मऊ लव असते. हवा फुटते, पण तिचा सळसळाट होत नाही. उंदराला पत्ता लागू नये म्हणून केलेली ही सगळी व्यवस्था मेव्हण्यांनाही जशीच्या तशी लागू पडते. ते डोळे चोळायला मान खाली घालतात, वर करतात, तर फांदी रिकामी. घुबड कधी गेलं, कुठून गेलं, कळलेलं नसतं. कळतं ते एवढंच की शेजारच्या ट्रायपॉडवाल्याला मिळालं.

कानावर भिस्त ठेवता येत नाही म्हटल्यावर या मंडळींनी दुसरी खूण शोधली आहे. उडण्याआधी घुबड अंगातला भार कमी करून घेतं, यावर अनुभवी लोकांची गाढ श्रद्धा आहे. अंग किंचित पुढे झुकतं, शेपटी जराशी वर होते, पांढरी चिळकांडी सुटते आणि पुढच्या क्षणी पंख उघडतात. त्यामुळे होतं असं, की एरवी कचेरीत हाताखाली माणसं असलेली, मुलांना शिस्त लावणारी भारदस्त माणसं तिन्हीसांजेच्या सोनेरी उजेडात श्वास रोखून एका पक्ष्याच्या शेपटीखाली टक लावून बसलेली असतात.

“होतंय, होतंय!”

“नाही हो, पीस हललं.”

“मघाशी एकदा झालंय त्याचं. आता इतक्यात नाही.”

कलावंताच्या साधनेविषयी मी बरंच वाचलेलं आहे, पण हा भाग कुणी लिहिलेला आढळला नाही.

घुबड मात्र या सगळ्यांना आरामात न्याहाळत असतं. त्याचे डोळे नळीच्या आकाराचे, खोबणीत पक्के बसलेले. ते इकडेतिकडे फिरत नाहीत. म्हणून देवानं त्याला मान दिली. मानेत १४ मणके, आणि ती २७० अंशांपर्यंत फिरते. अंग तसूभर न हलवता ते पुढचा ट्रायपॉड बघतं, मागचा बघतं, उशिरा आलेल्याची गाडी कुठे लागली तेही बघून घेतं. आपल्याला मणके सात. त्या सातांच्या जोरावर मेव्हणे एका अंगावर कलून व्ह्यूफाइंडरला डोळा लावून बसतात आणि दुसऱ्या दिवशी मानेला पट्टा लावून कामावर जातात. कुणी विचारलं तर “घुबडामुळे” असं सांगतात. ऐकणाऱ्याला ते अपशकुनाचं प्रकरण वाटतं आणि तो पुढे विचारत नाही.

चिकाटीत घुबडाशी बरोबरी करायला जाऊ नये, असं माझं मत आहे. आपल्या वनपिंगळ्याचंच बघा. १८८४ नंतर त्याचा खात्रीचा पत्ता नव्हता. संग्रहालयात त्याची मोजकी कातडी होती, त्यातही एकाची नोंद एका लष्करी गृहस्थांनी बनवलेली खोटी निघाली. पक्षी संपला असंच धरून चालले होते. आणि १९९७ च्या नोव्हेंबरात पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो आपल्या शहाद्याजवळ दिसला, दिवसाउजेडी, उघड्यावर बसलेला. ११३ वर्षं! तेवढा काळ तो लपला होता असंही नाही; तो आपला बसला होता, बघायला कुणी गेलं नव्हतं. असल्या खानदानातल्या पक्ष्याला मेव्हणे “आता पाच मिनिटांत उडेल” म्हणतात.

आता कॅमेऱ्याकडे वळू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे. हा कॅमेरा पक्ष्याचा डोळा स्वतः ओळखतो. घुबड कुठेही जावो, डोळ्यावर एक चौकोन चिकटून राहतो. सेकंदाला वीस-तीस फोटो तो काढतो. याच्याही वरताण म्हणजे बटण पूर्ण दाबण्याआधीचे क्षणही तो साठवून ठेवतो. म्हणजे घुबड उडालं, मेव्हणे दचकले, दचकण्यात बोट दाबलं गेलं, तरी घुबडानं पंख उघडले तेव्हापासूनचं सगळं कार्डावर हजर. आँरी कार्तिए-ब्रेसाँच्या १९५२ च्या पुस्तकापासून जगभरचे फोटोग्राफर ‘निर्णायक क्षणा’चा जप करत आले. तो क्षण आता बफरमध्ये आधीच जमा असतो, आपण सवडीनं जाऊन घेऊन यायचा.

“मग यात तू काय करतोस?” मी एकदा विचारलं. टोमणा नव्हता. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

“दृष्टी, दाजी,” मेव्हणे म्हणाले. “कॅमेऱ्यामागे कलाकाराची दृष्टी लागते.”

यावर मी त्यांना माँट्रियलची गोष्ट सांगितली. २०१६ च्या जानेवारीत कॅनडातल्या त्या शहरात महामार्ग क्रमांक ४० वरच्या रहदारीच्या कॅमेऱ्यासमोरून एक पांढरंशुभ्र हिमघुबड उडत गेलं. पंख पुरते पसरलेले, एकेक पीस सुटं, खाली रस्ता. क्विबेकच्या वाहतूकमंत्र्यांनी ती चित्रं ट्विटरवर टाकली आणि जगभर लोकांनी तोंडात बोटं घातली. कॅमेरा खांबावर. मागे कुणी नाही. दृष्टी नाही, सहाशेची लेन्स नाही, थर्मास घेऊन उभा असलेला दाजी नाही. त्याची नेमणूक गाड्या तुंबल्यात का ते बघण्यापुरती.

मेव्हणे बराच वेळ लेन्सचं झाकण पुसत राहिले.

“तो फ्लूक होता,” ते म्हणाले.

“आणि तुझे?”

“माझेही फ्लूकच असतात. पण मी तिथे असतो ना!”

या उत्तरानं मी चाट पडलो, हे कबूल करायला हवं. इतकं खरं वाक्य आमच्या सासुरवाडीत सहसा कुणी बोलत नाही.

मग त्यांनी एरिक हॉस्किंग काढला. हे त्यांचं ब्रह्मास्त्र. हॉस्किंग हा इंग्लंडमधला पक्षी-छायाचित्रकार. १९३७ मध्ये वेल्समध्ये रात्री टॉनी जातीच्या घुबडाचे फोटो घ्यायला तो आपल्या मचाणवजा हाइडकडे चढत असताना घुबडानं अंधारातून येऊन तोंडावर झडप घातली. आवाज नाहीच, तो कुठून येणार! डावा डोळा गेला. माणसानं धंदा बदलला असता, निदान चिमण्यांवर आला असता. हॉस्किंगनं तसलं काही केलं नाही. १९४८ मध्ये त्यानं चोचीत उंदीर धरून पंख उभारलेल्या गव्हाणी घुबडाचा जो फोटो घेतला, तो राजघराण्याच्या ढालीवरचं चिन्ह असावं तसा दिसतो आणि आजही लोक त्याची नक्कल करायला जातात. त्या वेळी सेकंदाला तीस वगैरे भानगड नव्हती. फ्लॅश एकदा उडायचा, फोटो एकच यायचा. पुढे त्यानं आत्मचरित्र लिहिलं आणि त्याला नाव दिलं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’. स्वतःच्या गेलेल्या डोळ्यावर इतक्या शांतपणे विनोद करणाऱ्या माणसापुढे आपण काय बोलणार? मी थर्मासचं झाकण उघडून मेव्हण्यांना चहा दिला.

मात्र याच जुन्या हाइडवाल्यांनी एक युक्ती मागे ठेवली आहे, आणि तिच्यामुळे माझं या कलेत पदार्पण झालं. पक्ष्यांना मोजता येत नाही, असा हिशेब. एकटा माणूस हाइडमध्ये शिरला तर पक्ष्याला ठाऊक असतं, की आत माणूस आहे. म्हणून दोघांनी शिरायचं. थोड्या वेळानं एकानं बाहेर पडायचं आणि चांगलं दिसेल असं चालत निघून जायचं. माणूस आला, माणूस गेला. पक्ष्याच्या लेखी खातं बंद. आतला मग निवांत बसतो.

या जोडीतला जाणारा मी. कॅमेऱ्यामागच्या कलाकाराच्या भूमिकेवर व्याख्यानं होतात, परिसंवाद झडतात. निघून जाणाऱ्याच्या भूमिकेबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही, आणि नाटकाच्या अर्थानं बघितलं तर भूमिका फक्त त्याचीच असते. कॅमेऱ्यामागचा नुसता बसलेला असतो. अभिनय मी करतो. फार भरभर गेलं तर पक्षी बिचकतो. रेंगाळलं तर त्याला शंका येते. मागे वळून बघायचं नाही, पण ‘मला इथे काही काम उरलेलं नाही’ हे पाठीवरून दिसलं पाहिजे. मेव्हण्यांनी मला यासाठी मुद्दाम लाल स्वेटर घालायला लावला. स्वतः चिखली रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, टोपीला वाळकं गवत. आणि मी लालभडक. “जाणारा ठसठशीत दिसला पाहिजे, दाजी.” घुबडाच्या डोळ्यांत उजेड टिपणाऱ्या पेशींची गर्दी असते आणि रंग ओळखणाऱ्या थोड्या, असं मी कुठेसं वाचलं होतं. म्हणजे तो लाल रंग त्याच्या दृष्टीनं वायाच. पण दिग्दर्शकाशी वाद घालू नये.

जागा सासवडच्या पुढची. ओढ्यानं कोरलेली घळ, पलीकडे अंजिराची बाग. दरडीच्या कपारीत शृंगी घुबड दिवसभर मुरून बसायचं आणि सूर्य टेकला की वरच्या खडकावर येऊन उभं राहायचं. हा चांगला पावणेदोन फुटांचा पक्षी, नारिंगी डोळ्यांचा, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे. त्यांना लोक कान समजतात. कान वेगळेच असतात, पिसांखाली झाकलेले. खडकावरून ते घुमायचं, थोडा वेळ मुलखावर नजर टाकायचं आणि मग तरंगत घळीवरून पलीकडे जायचं. त्या एका तरंगण्यासाठी आम्ही हाइडमध्ये शिरलो आणि ठरल्याप्रमाणे मी बाहेर पडून पाठीवरून अभिनय करत बांधानं निघालो.

बागेच्या कडेला मालक भेटले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात खुरपं.

“पावणं, तुमचा एक मानूस ऱ्हायला की झुडपात.”

मी हळू आवाजात सगळा प्रकार सांगितला. त्यांनी मनापासून ऐकून घेतला.

“म्हंजे पाखराला गंडवाया तुमाला आनलंय.”

“तसंच म्हणा.”

“आन किती मिळत्यात एका फोटूचं?”

“काही नाही.”

“कायच न्हाई?”

“उलट स्पर्धेत पाठवायचा तर प्रवेश फी आपणच भरायची.”

त्यांनी खुरपं खाली ठेवलं. दुष्काळ, अवकाळी, पडलेले भाव, सगळं बघितलेला माणूस; पण इतका आतबट्ट्याचा धंदा त्यांच्या बघण्यात नव्हता. मग बहुधा माझी दया येऊन त्यांनी मला बांधावर बसवलं आणि अंजिरं दिली.

त्यांच्याकडून कळलं, की आम्ही यायच्या आधी एक पार्टी येऊन गेली होती. त्यांनी ब्लूटूथच्या डबीवर घुबडाचा आवाज लावला. खरं घुबड आलं नाही, गावातली कुत्री आली. मग त्यांनी दुकानातून आणलेला पांढरा उंदीर काढला आणि कॅमेऱ्यासमोर सोडला. “त्यो पांढरा उंदीर ह्या रानात जन्मात कुणी बघितला न्हवता,” मालक म्हणाले. “घुबडानं सुदिक न्हाई.”

असले फोटो सरावलेल्या डोळ्याला ओळखू येतात. घुबड थेट लेन्सच्या भोकात बघत असतं, पाय पुढे काढलेले, नख्या उघडलेल्या, कारण खाऊ लेन्सपुढेच टाकलेला असतो. कॅनडात, अमेरिकेत हिमघुबडांना असे विकतचे उंदीर घालण्यावरून वर्षानुवर्षं भांडणं चालू आहेत आणि आमिष दाखवून घेतलेले फोटो बऱ्याच स्पर्धा दारातूनच परत पाठवतात. रस्त्याकडेला फुकटचं खायला मिळतं अशी सवय लागलेलं घुबड गाडीखाली येतं, हे त्या भांडणातलं सगळ्यात सरळ कारण. मेव्हणे हे प्रकार करत नाहीत. घरट्याजवळ जात नाहीत, फ्लॅश मारत नाहीत, खडे टाकून पक्षी उडवत नाहीत. त्यांच्या बाकीच्या वेडावर मी इथे तोंडसुख घेत असलो, तरी याबाबतीत त्यांना पैकीच्या पैकी गुण. आणि मला तर वाटतं, एवढ्या शहाण्या यंत्रापुढे माणसाच्या हातात काय उरलं असेल तर ते हेच, की काय करायचं नाही ते ठरवायचं. रहदारीच्या कॅमेऱ्याला पिशवीत उंदीर आणायचा मोह होत नाही, माणसाला होतो.

मालकांच्या वडलांच्या काळात घुबडाला खडा मारायची भीती. ते खडा झेलतं, ओढ्यात नेऊन घासत बसतं आणि खडा झिजेल तसा मारणारा झिजतो, अशी समजूत. “त्या भ्यानं तरी वाचत हुती पाखरं,” ते म्हणाले. मला ते पटलं. उलट ज्यांना घुबडात लक्ष्मीचं वाहन दिसतं, त्यांच्यातले काही उपटसुंभ दिवाळीच्या सुमारास त्याच वाहनाचा बळी द्यायला निघतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं घुबड पकडणं-विकणं गुन्हा आहे. तरी हा बाजार चोरून चालतो. हल्ली याच तालुक्यात जरा वेगळं वारं आहे. पिंगोरीला इला फाउंडेशननं २०१८ मध्ये घुबडांचा महोत्सव भरवला. देवाची जत्रा, बैलांची जत्रा ऐकून होतो. घुबडाची जत्रा भरलेला आमचा पुरंदर पहिलाच असावा, असं मालक ऐटीत म्हणाले. नातू जाऊन आला होता म्हणे. आल्यावर त्यानं आजोबांना सुनावलं, की घुबड शेतकऱ्याचा मित्र आहे. “मला शिकवतंय! उंदरं कोन खातं त्ये मला म्हाईत न्हाई व्हय?”

आम्ही असे अंजिरं खात, टोपी आणि स्वेटर शेजारी-शेजारी मांडून बांधावर बसलेले असताना मागे घळीवरून घुबड गेलं. आम्हाला अर्थातच ऐकू आलं नाही. ऐकू आला तो हाइडमधून मेव्हण्यांचा कॅमेरा. नंतर कळलं, तो कॅमेरा आवाज न करताही फोटो काढू शकतो. मेव्हण्यांना आवाज आवडतो.

रात्री घरी फोटो संगणकावर चढले. उडत्या घुबडाची कला म्हणजे काय, हे बघायचं असेल तर ते रानात बघू नये, इथे बघावं. हजारोंनी फ्रेम. नुसतं आभाळ. नुसता खडक, नुकताच रिकामा झालेला. शेपटी. एक पंख. विजेची तार, अतिशय तीक्ष्ण फोकसमध्ये. एक घुबड पूर्ण, पण डोळे मिटलेले; पापणी मिटायचा मुहूर्त त्यानं नेमका साधला होता. एकात चिळकांडी फार सुरेख आली होती. मेव्हणे एकेक बघत, पुटपुटत, डिलीट करत गेले. सेकंदाला तीस फोटो काढायला कॅमेरा लागतो. त्यातले एकोणतीस उडवायला छाती लागते, हे मी त्या रात्री पाहिलं. पहाटेकडे कधीतरी ते थांबले.

फ्रेममध्ये शृंगी घुबड पंख पुरते पसरून, अंग जरासं कललेलं, डोळा लख्ख. पंखाखालच्या पिसांतून संध्याकाळचा उजेड आरपार. आणि मागे, बागेच्या हिरवट धुक्यात, बरोब्बर घुबडाच्या डाव्या पंखाखाली, एक लाल ठिपका आणि त्याला लागून एक पांढरा.

“दाजी,” मेव्हणे म्हणाले, “तुम्ही निघून जायचं ठरलं होतं.”

“गेलोच होतो. हा काय, गेलेला दिसतोय.”

त्यांनी ठिपका काढायला घेतला. दोन मिनिटांचं काम, पण स्पर्धेचा नियम असा, की फ्रेममधलं काही पुसायचं नाही आणि मूळ फाइल सोबत द्यायची. मग त्यांनी चौकट आवळून बघितली. माझ्याबरोबर घुबडाचा पंख जात होता. दुसरी फ्रेम घ्यावी तर तिच्यात मी नव्हतो आणि घुबडाचा डोळाही नव्हता. दोन दिवस घरात सुतक असल्यासारखं वातावरण होतं. शेवटी वहिनींनी कंटाळून सांगितलं, “आहे तसा पाठवा, नाहीतर लेन्स विका.” विकायची म्हटल्यावर किंमत निघाली असती. फोटो त्याच रात्री गेला.

निवड झाली. प्रदर्शनात तो चांगला मोठा करून लावला होता. खाली नाव, गाव, सहाशे मिलिमीटर, एफ चार, एक छेद दोन हजार, आयएसओ ६४००. माझा उल्लेख नाही, मालकांचा नाही. परीक्षकांच्या टिपणात कसब, संयम वगैरे नेहमीचं झाल्यावर एक वाक्य होतं, की पार्श्वभूमीतल्या लाल आणि पांढऱ्या रंगाच्या सूचक वापरातून कलावंताची स्वतंत्र दृष्टी दिसते. मेव्हण्यांनी ते वाक्य मला दोनदा वाचून दाखवलं, जणू काही स्वेटर त्यांनीच विणला होता.

परवा त्यांचा फोन आला. भिगवणच्या बाजूला गव्हाणी घुबडाची जागा कळली आहे, पडक्या वाड्यात, संध्याकाळी बाहेर पडतं. येणार का?

“येतो की,” मी म्हटलं.

“आणि दाजी, या वेळी पिवळा घाला. मागची भिंत निळसर आहे.”